सही आधी, दोर नंतर

खालचं स्थानक
गुरुवार, ५ फेब्रुवारी

मामा,

फोनवर तुला "काय? काय?" करायला लावण्यापेक्षा पत्र बरं. यंत्रघराने तुझे कान नेले, पण डोळे ठेवले. शिवाय रोपवेच्या नऊच्या पाळण्यात पत्र टाकलं की साडेनऊला तुझ्या दारात पोचतं. इतकं चपळ टपाल दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

सोमवारी रुजू झाले. दारावर 'सुरक्षा अधिकारी' अशी नवी पाटी लागली आहे. तिच्याखाली तुझ्या जुन्या पाटीचे दोन स्क्रू अजून भिंतीत आहेत. ते काढू का म्हणून सुतार विचारत होता, मी नको म्हटलं. खुर्ची तुझीच आहे, तुझ्यानंतर सहा वर्षं रिकामी, डावीकडे कलते. खिडकीतून पहिले चार मनोरे दिसतात. पाचवा धुक्यात असतो, त्याच्यापुढे तू आणि मामी. मुकादम मला 'बाई' म्हणतो आणि दिवसातून चारदा चहा विचारतो. बाकी काही विचारत नाही. तुझ्या हाताखाली तयार झालेला माणूस, त्यामुळे मला तपासून बघत असणार.

तीन दिवस मी कपाटातली दोर-तपासणीची रजिस्टरं वाचते आहे, शेवटच्या पानापासून मागे. दर बुधवारी सही. चौतीस वर्षांत एकही बुधवार कोरा नाही. मुख्य कार्यालयात असं रजिस्टर दाखवलं तर लोक काचेत घालून ठेवतील.

एकच गोष्ट कळली नाही. वाचून झालेल्या पानांवर सहीची वेळ सकाळी साडेसहाची आहे आणि दोर सुरू केल्याची वेळ पावणेसातची. म्हणजे सही आधी आणि दोर नंतर? मी उलटं वाचते आहे का?

मामी उद्या उपचाराला खाली येईल तेव्हा तिला रुग्णालयातच भेटते. तिला सांग, डबा आणू नकोस.

तुझी
टिटवी

•

वरची वस्ती
शुक्रवार, ६ फेब्रुवारी

टिटवे,

त्या खुर्चीवर बसलीस हे वाचून बरं वाटलं. ती डावीकडे कलते कारण मी अठ्ठावीस वर्षं खिडकीकडे कलून बसलो. तूही कलशील.

मुकादमाचं मनावर घेऊ नकोस. माणूस चांगला आहे, फक्त जे एकदा शिकला ते दगडावर कोरल्यासारखं धरून ठेवतो. त्याला नवीन काही सांगायचं तर आधी जुनं पुसावं लागतं.

आता तू पुस्तकातून जे शिकलीस ते बाजूला ठेव आणि चिंधीची तपासणी माझ्याकडून ऐक. दोर अगदी हळू सोडायचा, माणूस रमतगमत चालतो तितका. हातात सुती चिंधी घ्यायची आणि ती दोराभोवती सैल धरायची. घट्ट धरशील तर चिंधीबरोबर बोटंही जातील. तुटलेल्या तारेचं टोक डोळ्याला दिसत नाही, पण चिंधीला लगेच कळतं. धागा ओढला गेला की हात वर करायचा, दोर थांबवायचा, खडूने खूण करायची आणि त्या वेढ्यात, म्हणजे पिळाच्या एका फेरीत, किती तारा तुटल्यात ते मोजायचं. नायलॉनची चिंधी चालत नाही, ती घसरते. म्हणून मामी जुन्या सुती चादरी कापून वीस-वीस चिंध्यांचा गठ्ठा बांधून द्यायची. तिची गाठ तुला माहीत आहे, एक टोक ओढलं की सुटते आणि दुसरं ओढलं की आणखी आवळते. मी निवृत्त झालो त्या दिवशीसुद्धा तिने एक गठ्ठा पाठवला होता. कपाटात असेल बघ.

सही आधी, ही तिथली पद्धत आहे. ग्रीसच्या हातांनी कागद खराब होतात म्हणून पडली. त्यात विशेष काही शोधत बसू नकोस.

लहानपणी जिन्याची एक पायरी हलते म्हणून तू अख्खं घर गोळा केलं होतंस. तेव्हापासून तू टिटवी. पण पायरी खरंच हलत होती, हेही मला आठवतं.

मामा

•

खालचं स्थानक
गुरुवार, १२ फेब्रुवारी

मामा,

काल बुधवार होता. मी कोणाला न सांगता सहा वाजता फलाटावर जाऊन उभी राहिले.

साडेसहाला मुकादमाने रजिस्टर उघडलं, सही केली, शाई वाळायला फुंकर मारली आणि रजिस्टर कपाटात ठेवलं. मग चहा झाला. पावणेसातला दोर सुरू केला, दहा मिनिटं मोकळे पाळणे फिरवले आणि बंद केला. दोराजवळ कोणी गेलं नाही.

मी विचारलं, "चिंधी कोण धरणार?"

"सही झाली ना, बाई."

मला वाटलं, माझा प्रश्न त्याला कळला नाही. पुन्हा विचारला. तेव्हा त्याने मला लहान मुलीला सांगावं तसं समजावून सांगितलं की मामांच्या वेळेपासून सही आधी होते आणि दोर नंतर बघायचा असतो. हल्ली दोर चांगला आहे, त्यामुळे नंतर कधीतरी बघतात. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर चोरटेपणा नव्हता, शरम नव्हती. तो अगदी मनापासून बोलत होता आणि मला भीती वाटली ती त्याचीच. खोटं बोलणारा माणूस निदान कधीतरी दचकतो.

कपाट उघडलं. मामीचा गठ्ठा तिथे आहे. वीस चिंध्या, गाठ जशीच्या तशी. सहा वर्षं तिला कोणी हात लावलेला नाही.

आज पहाटे मी गाठ सोडली. मुकादमाला यंत्राजवळ उभं केलं आणि चिंधी स्वतः धरली. पहिला पाऊण तास काही नाही. माझा हात सैल पडायला लागला होता, मनात आलं, खरंच दोर चांगला आहे आणि मी उगाच ओरडते आहे. तेवढ्यात दोराची दोन टोकं जिथे जोडली आहेत त्या सांध्याजवळ धागा ओढला गेला. थांबवलं, मोजलं. एकाच वेढ्यात चार तारा. आपल्या नियमपुस्तकाची मर्यादा सहाची आहे. पण या चार बाहेरच्या. आतल्या पेडांत किती गेल्या आहेत ते चिंधीला कळत नाही, त्याला चुंबकी यंत्र लागतं. ते यंत्र आठ महिन्यांपूर्वी येऊन गेलं, पुढच्या खेपेला आणखी चार महिने आहेत.

व्यवस्थापकांना सांगितलं. ते म्हणाले, चार म्हणजे सहा नव्हेत. सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर आहे, तीन आठवडे काढा, मग बघू.

मामा, दोर थांबवायचा अधिकार माझ्या हातात आहे. तू असतास तर काय केलं असतंस? आणि मी थांबवलाच, तर वस्तीत तू माझ्या बाजूने दोन शब्द बोलशील का? वर तुझ्या शब्दाला वजन आहे, माझ्या नव्या पाटीला नाही.

टिटवी

•

वरची वस्ती
शुक्रवार, १३ फेब्रुवारी

टिटवे,

हे पत्र मामीच्या पिशवीतून येत आहे, म्हणून बेताने लिहितो. तिला यातलं काही सांगू नकोस.

चार तारा म्हणजे काहीच नाही. मी पाचावर दोर चालवला आहे. खडूची खूण कर, दर दोन दिवसांनी मोज आणि हंगाम निघू दे. मुकादमाला झाप, चिंधी धरायला लाव. तेवढ्याने भागेल.

तू दोर थांबवलास तर काय होईल ते मी सांगतो, कारण तू खाली बसतेस आणि मी वर राहतो. मामीला मंगळवारी आणि शुक्रवारी सुईवर चार तास पडून राहावं लागतं. पाळण्यातून जायला वीस मिनिटं लागतात. रस्त्याने साडेतीन तास जायला आणि तेवढेच यायला. उपचारानंतर तिला मान धरवत नाही. वळणावळणाच्या बसमध्ये ती कशी बसेल?

दुसरी गोष्ट. रस्तेवाले वीस वर्षं टपून बसले आहेत. हा डोंगर फोडून चौपदरी रस्ता आणायचा, हे त्यांचं जुनं स्वप्न. त्यावर वस्तीची सभा भरली तेव्हा मी टेबलावर मूठ आपटून बोललो होतो ते तुला आठवत नसेल, तू परीक्षेच्या अभ्यासात होतीस. मी म्हणालो होतो की एक झाड न तोडता, जराही धूर न सोडता माणसाला वर आणणारा हा दोर आहे आणि हा दोर कधी दगा देणार नाही. लोकांनी माझ्या शब्दावर रस्ता नाकारला. आता तोच दोर, तोही माझ्या भाचीने, बंद केला तर उद्या सकाळी मोजणीवाले डोंगरावर चढतील.

पुस्तक आणि दोर यांत फरक असतो. मी तुझ्या जागी असतो तर हंगाम काढला असता.

मामा

•

खालचं स्थानक
शनिवार, १४ फेब्रुवारी, दुपारी चार

मामा,

आज 'तुम्ही' म्हणते आहे, कारण हे पत्र त्या खुर्चीवरून लिहिलं आहे.

पाच वाजताच्या शेवटच्या पाळण्यानंतर मी दोर थांबवते आहे. चुंबकी यंत्र येऊन आतल्या तारा मोजेपर्यंत तो सुरू होणार नाही. हे पत्र त्याच शेवटच्या पाळण्यातून वर येईल. यापुढची पत्रं रस्त्याने, चार-चार दिवसांनी पोचतील.

मामीला सोमवारच्या बसने माझ्याकडे पाठवा, एकदाच. घरापासून रुग्णालय चालत दहा मिनिटांवर आहे. माझी खोली तिला दिली आहे, खिडकीशी पलंग लावला आहे, मी बाहेरच्या खोलीत झोपेन. काल तिच्या उशाशी बसले होते. तिने माझे हात बघितले. नखांत ग्रीस होतं.

तुम्ही म्हणता, चार म्हणजे काही नाही. चाराची मला भीती नाही. परवापर्यंत सहा वर्षं या दोराला कोणाचा हात लागला नव्हता आणि आज तो कसा आहे हे तुम्हाला, मला, मुकादमाला, व्यवस्थापकांना, कोणालाच माहीत नाही, याची भीती आहे. एका पाळण्यात आठ माणसं बसतात. त्यांना विचारून बघा की आम्हाला माहीत नाही, पण हंगाम आहे, बसता का? कोणी बसणार नाही. मग न विचारता बसवायचं कसं?

रस्त्याचं म्हणाल, तर दोर बंद ठेवल्याने रस्ता येणार नाही. दोर तुटला तर मात्र रस्ताच काय, हवं ते येईल आणि तेव्हा मूठ आपटायला आपल्याकडे टेबल नसेल.

आता शेवटची गोष्ट. पहिली दोन वर्षं रजिस्टरच्या प्रत्येक सहीशेजारी ग्रीसचा अंगठा उमटलेला आहे. सहीची वेळ सव्वाआठची, म्हणजे दोर बघून झाल्यावरची. मग एका बुधवारी अंगठा नाहीसा होतो, वेळ साडेसहा होते आणि पुढची सगळी पानं धुतल्यासारखी स्वच्छ. दोन्हीकडे सही एकाच माणसाची आहे. तुमची.

तुम्ही लिहिलं होतं, पद्धत पडली. पद्धती आपोआप पडत नाहीत, मामा. कोणीतरी पाडतं. त्या बुधवारी काय झालं?

तुमची भाची

•

वरची वस्ती
शनिवार, २१ फेब्रुवारी

टिटवे,

उत्तराला उशीर झाला. त्यातला थोडा बसचा, बाकी माझा.

मामी पोचल्याचा निरोप मिळाला. घर मोकळं आहे. मी रोज सकाळी उठून बंद स्थानकावर जातो आणि फलाटावर बसतो. दोर हवेत तसाच लटकलेला असतो. अठ्ठावीस वर्षं मी त्याला फिरताना बघितलं, थांबलेला बघायची सवय नाही. थांबलेला दोर फार प्रश्न विचारतो.

तू विचारलंस त्याचं उत्तर.

त्या वर्षी मुख्य कार्यालयातून एक मोठे साहेब आले. त्यांनी रजिस्टर उघडलं तर पानं ग्रीसने एकमेकांना चिकटलेली. सगळ्या कामगारांसमोर त्यांनी ते दोन बोटांत धरलं आणि म्हणाले, "हे रजिस्टर आहे का गॅरेजचं फडकं?" सगळे हसले. मुकादम तेव्हा नुकताच लागला होता, तोही हसला. मला ते फार लागलं. मी सभांत बोलणारा, चार पुस्तकं वाचलेला माणूस, आणि मला गबाळा म्हणावं? पुढच्या बुधवारी मी हात धुऊन आधी सही केली, मग दोराकडे गेलो. रजिस्टर सुंदर दिसायला लागलं. पुढच्या भेटीत साहेबांनी पाठ थोपटली.

दोराकडे मात्र मी दर बुधवारी गेलो. हे तुला शपथेवर सांगितलं असतं. पण खरं सांगायचं तर एक बुधवार सोडून.

नऊ वर्षांपूर्वी मी सही केली आणि चिंधी घ्यायला वळलो, तेवढ्यात वरून फोन आला की मामी अंगणात पडली. मी तसाच निघालो. ते बरोबरच होतं. पण निघताना ती सही खोडायला मला दोन सेकंद लागले असते. मुकादम शेजारीच उभा होता, त्याला मी "आज दोर बघितलेला नाही" एवढंच म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. मामीला त्याच पाळण्यात, त्याच दोरावरून खाली नेलं. पूर्ण आठवडा तो दोर माझ्या सहीवर चालला.

आणि काही झालं नाही.

टिटवे, तिथेच सगळा घात झाला. त्या बुधवारी दोराने मला धक्का दिला असता तर मी शहाणा झालो असतो. काही झालं नाही, म्हणून मुकादम शिकला की सही पुरते. त्याला मी शिकवलं नाही, पण तो माझ्याकडूनच शिकला. माणूस ऐकतो त्यातलं थोडं शिकतो, बघतो ते मात्र सगळं शिकतो. काही झालं नाही, यासारखं गोड खोटं जगात दुसरं नाही. प्रत्येक कोसळलेल्या पुलाखाली, प्रत्येक बुडालेल्या होडीच्या तळाशी हेच एक वाक्य वर्षानुवर्षं साठत आलेलं असतं. साहेबाला सही वाचता येते, व्यवस्थापकाला येते, मलाही येते. दोराला वाचता येत नाही. त्याला फक्त हात कळतो.

मागच्या पत्रात मी तुला हंगाम काढायला सांगितलं. मामीचं कारण खरं होतं. रस्त्याचंही खरं होतं. पण त्या दोन्हींच्या मागे मी लपलो होतो, कारण दोर थांबला की कोणीतरी रजिस्टर उघडणार हे मला माहीत होतं. ते तू उघडलंस, हे बरं झालं.

उद्या रविवारी शाळेच्या पटांगणात सभा आहे. लोक तुझ्यावर चिडलेले आहेत. रस्तेवाले पुढच्या रांगेत बसणार. मी हे सगळं तिथे सांगणार आहे.

एक काम कर. हे पत्र मामीला वाचून दाखव. नऊ वर्षं मी तिच्यासमोर बसून हे सांगू शकलो नाही.

मामा

•

खालचं स्थानक
बुधवार, ४ मार्च

मामा,

आज पुन्हा 'तू'.

पत्र मामीला वाचून दाखवलं. ती खिडकीशी बसून विणत होती. पूर्ण होईपर्यंत तिने सुई थांबवली नाही. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी दोरावर बसून नाही, यांच्या सहीवर बसून येत होते." जेवताना म्हणाली, "त्या दिवशी मला सोडून ते चिंधी धरत बसले असते, तर मी त्यांच्याशी जन्मभर बोलले नसते. पण सही खोडायला काय झालं होतं?" रात्री निजताना तिने माझ्या कपाटातून एक जुनी सुती चादर मागून घेतली.

सभेचं मला बसच्या चालकाकडून कळलं. तो म्हणाला, तुमचे मामा नेहमी तासभर बोलतात, या वेळी सात मिनिटांत खाली बसले. मग दूधवाला उठला, ज्याची तीन मुलं पाळण्याने शाळेला येतात. त्याने विचारलं, मग आता आम्ही विश्वास कोणावर ठेवायचा? आणि तू म्हणालास, "कोणावर ठेवू नका. बुधवारी फलाटावर या आणि बघा." चालकाने हे सांगताना बस चालूच ठेवली होती, त्याला उशीर होत होता, तरी पूर्ण सांगून गेला.

आता निकाल. बातमी म्हणावी तितकी थोर नाही. चुंबकी यंत्र शुक्रवारी आलं. बाहेरच्या चार आणि आतली एक, मिळून पाच. मर्यादा सहा. म्हणजे दोर नियमात होता. हंगाम निघाला असता.

व्यवस्थापकांनी लेखी खुलासा मागितला आहे की दोर नियमात असताना सेवा बंद का ठेवली. दोन दिवस मी उत्तराचे कागद फाडत होते. आपण उगाच ओरडलो का, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, पण माझ्या डोक्यात तो होताच. शेवटी एकच ओळ लिहून दिली: 'तो नियमात आहे हे चौदा फेब्रुवारीला कोणालाही माहीत नव्हतं.' आता बदली करायची तर करोत.

थांबलाच आहे तर सांधाही नव्याने बांधून घेते आहे. सांधेवाले दोन आठवडे घेतील. आणि दोन गोष्टी बदलल्या आहेत. रजिस्टर आता कपाटात राहणार नाही. ते साखळीने फलाटावर, दोराच्या हाताशी बांधलं आहे आणि पहिल्या पानावर लिहिलं आहे की सही करण्याआधी हात धुवायचे नाहीत. पानं चिकटली तर चिकटोत. दुसरं म्हणजे सहीशेजारी नवा रकाना आखला आहे, साक्षीदाराचा. दर बुधवारी एक प्रवासी येऊन डोळ्यांनी बघेल आणि सही करेल. ही कल्पना तुझी आहे, तुला सुचलेली माहीत नसली तरी.

मुकादम दोन दिवस चहा विचारायला आला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "बाई, मी दोराला घाबरत नव्हतो, ते चुकलं." त्याला मी चिंधी धरायला शिकवते आहे. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

बुधवारी, २५ मार्चला, सकाळी साडेसहाला दोर पहिल्यांदा फिरेल. खाली मुकादम चिंधी धरेल. वरच्या फलाटावर अनुभवी हात हवा आहे. मी कार्यालयाकडून तुझ्या नावाने परवानगी काढली आहे, शिक्षक म्हणून. येशील का?

टिटवी

•

वरचं स्थानक, फलाटावरून
बुधवार, २५ मार्च, सकाळी पावणेनऊ

टिटवे,

आलो आहे. हे पत्र इथूनच, लाकडी बाकावर बसून लिहितो आहे. नऊच्या पाळण्यात टाकायचं आहे, म्हणून आटोपशीर.

सहा वाजता फलाटावर सतरा माणसं होती. दूधवाला सगळ्यांच्या पुढे. त्याची धाकटी मुलगी त्याच्या खांद्यावर झोपलेली. मी मामीने बसने पाठवलेला गठ्ठा काढला. तुझ्या चादरीची निळी किनार ओळखली. गाठीचं चुकीचं टोक ओढलं आणि ती आणखी आवळली. सगळ्यांसमोर दातांनी सोडवावी लागली. मामीने मुद्दाम तशी बांधली असणार, एवढी शिक्षा तर मी भोगलीच पाहिजे.

दोर सुटला. एक तास चाळीस मिनिटं मी चिंधी धरली. एकही धागा ओढला गेला नाही. नवा सांधा हाताखालून गेला तेव्हा कळलासुद्धा नाही, इतका गुळगुळीत. हात दुखतो आहे. तो आनंदाने दुखतो आहे असं लिहिलं तर तू हसशील, म्हणून नुसता दुखतो आहे असं समज.

संपल्यावर मी भाषण करीन असं लोकांना वाटत होतं. मी चिंधी दूधवाल्याच्या हातात दिली आणि बघ म्हटलं. त्याने ती उलटसुलट करून, उजेडात धरून, माणूस नोट तपासतो तशी बघितली. मग तू वरच्या फलाटासाठी पाठवलेल्या रजिस्टरमध्ये साक्षीदाराच्या रकान्यात सही केली. शेजारी मी माझी केली, सव्वाआठ वाजता. हात धुतले नव्हते. माझ्या सहीशेजारी अंगठा उमटला. बत्तीस वर्षांनी भेटला, पण ओळख पटली.

रस्तेवाले आले नव्हते. ते पुन्हा येतील. त्यांच्याशी बोलायला आता माझ्याजवळ शब्दांपेक्षा बरं काहीतरी आहे.

नऊच्या पाळण्याने मामी वर येते आहे. त्याच वेळी हे पत्र खाली निघेल, म्हणजे तिसऱ्या मनोऱ्याच्या आसपास दोघं एकमेकांना ओलांडतील. ती खाली पाळण्यात पाय टाकण्याआधी काय विचारेल ते मला माहीत आहे. मुकादमाने तिला नुसतं हो म्हटलं नसेल, अशी आशा आहे. चिंधी दाखवली असेल.

कागद मळला आहे. तो तसाच राहू दे.

मामा